झाकणाचा डावा कोपरा

भिंगबाईंचा कुणावरही विश्वास नव्हता आणि ही गोष्ट त्या लपवतही नसत. दूधवाला माप ओतू लागला की त्या दुधाकडे नाही, मापाच्या बुडाकडे बघत. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून पाहत, जिना उतरत आणि पुन्हा वर येऊन ओढून पाहत. कुणी हसलं तर म्हणत, "कुलूपही माणसानंच केलंय ना." गळ्यात काळ्या दोरीला एक छोटं भिंग कायम लटकलेलं असे, त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं आणि बिलावरही त्यांचा संशय होताच.

त्यांचा धंदा साचे करण्याचा. बादली, टोपण, खुर्चीचा पाय, टूथब्रशची मूठ, जे जे प्लास्टिकचं म्हणून आपल्या हातात येतं ते आधी पोलादाच्या पोकळीत वितळून भरलेलं असतं. ती पोकळी म्हणजे साचा. वस्तू चुकली तर फेकून देता येते. साचा चुकला तर महिनोन् महिन्यांची मेहनत भंगारात जाते आणि मग कुणाच्या तरी माथी खापर फुटावंच लागतं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा ड्रॉइंग बोर्डवर दुसऱ्यांची ड्रॉइंगं गिरवत असत. वरिष्ठाच्या हातून एक माप चुकलं, साचा वाया गेला आणि चौकशीत त्यानं शांतपणे सांगितलं, की गिरवताना या मुलीनं आकडा बदलला. सगळ्यांना ते लगेच पटलं. त्या दिवसापासून बाईंनी कानाला खडा लावला. समोर देव उभा राहिला असता तरी त्यांनी आधी त्याची मापं घेतली असती.

पुढे कॉम्प्युटर आला. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, शिकवायला आलेला मास्तर म्हणाला, "बाई, हा खोटं बोलत नाही." बाई म्हणाल्या, "मग मला भेटलेला हा पहिलाच." पण शिकल्या मात्र झपाट्यानं. मास्तर निघून गेल्यावर त्याच्या पुस्तकातल्या चुकाही काढून ठेवल्या.

नवरा त्याच पहिल्या नोकरीत भेटला. तो साचे जुळवणारा फिटर. लग्नाआधी त्या त्याला फिटर म्हणत आणि लग्नानंतर ते बदलायचं कारण त्यांना दिसलं नाही. फक्त पुढे एक 'अहो' लागला. दोघांनी मिळून स्वतःचा वर्कशॉप काढला. खाली मशीनं, वर डिझाइनची खोली आणि त्या खोलीला खालचं सगळं दिसेल अशी काचेची लांब खिडकी. ती खिडकी कुठे हवी हे बाईंनी भिंती उभ्या राहण्याआधीच ठरवलं होतं. फिटरचा स्वभाव नेमका उलटा. तो चावी दारालाच विसरायचा. "या घरातला संशय तू एकटीनंच संपवतेस, माझ्या वाट्याला काही उरतच नाही," असं म्हणून तो कानस हातात घ्यायचा.

त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती भाची, बाईंच्या थोरल्या बहिणीची मुलगी. शिक्षण संपल्यावर बहिणीनं तिला पाठवून दिलं, की घे हिला तुझ्या हाताखाली. ती आली आणि राहिली. आता तिशी ओलांडलेली, जवळच भाड्याची खोली घेऊन राहणारी, कामात वाघीण. तिनं वर्कशॉपमध्ये एक नवीन गोष्ट आणली होती, ती म्हणजे सिम्युलेशन. पोलादाला हत्यार लागण्याआधीच पडद्यावर दिसायचं, की वितळलेलं प्लास्टिक साच्यात कसं पसरेल, हवा कुठे कोंडेल, निवताना कुठला भाग आकसून वर उचलला जाईल. बाई ते रंगीत चित्र पाहून म्हणत, "हवामानाचा अंदाजही असाच रंगीत असतो." पण भाची काम करत असली की तिच्या मागे जाऊन त्या उभ्या राहत नसत. सगळ्या वर्कशॉपात तेवढं एकच टेबल होतं, ज्याच्याकडे पाठ करून त्या निवांत बसत. भाचीवर त्यांचा जीव होता. तो त्यांनी बोलून कधी दाखवला नव्हता, पण होता.

अशात एका दुपारी डब्यांचा कारखानदार आला. त्याच्या जेवणाच्या डब्याचं झाकण, चारही बाजूंनी टक करून बसणाऱ्या कड्यांचं, याच वर्कशॉपच्या साच्यात तयार व्हायचं आणि बाजारात धडाधड खपायचं. नेहमी तो आला की फिटरशी आधी गप्पा मारायचा. आज थेट जिना चढून वर आला आणि बाईंच्या टेबलावर त्यानं एक झाकण ठेवलं.

"बाई, हे आपलं आहे का, बघा बरं."

बाईंनी हातात घेतलं. हाताला वजन तेच, कडा तीच, कड्यांची टकटक तीच. फक्त मागच्या बाजूला भलत्याच कंपनीचं चिन्ह होतं.

"आपलं नाही," त्या म्हणाल्या.

"मलाही माहीत आहे. बाजारात आलंय, माझ्यापेक्षा स्वस्तात." त्यानं भाचीच्या रिकाम्या खुर्चीकडे एक नजर टाकली. ती खाली मशीनपाशी गेली होती. "साचा मी तुमच्याकडे करून घेतला. डिझाइन याच खोलीत झालं. माझ्या घरातून तर ते गेलं नाही. मग कुठून गेलं ते शोधा आणि सांगा. पुढच्या कामाचं मग बोलू."

तो गेला आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली. खरं तर ती आधीच चुकचुकून गेली होती, त्यांनीच तिला हुसकून लावलं होतं. भाची हल्ली फोन आला की उठून मागे पाण्याच्या टाकीपाशी जायची. शनिवारी जेवणाची सुट्टी झाली की निघून जायची, विचारलं तर म्हणायची, "जरा काम आहे." एकदा बाई खोलीत शिरल्या तेव्हा तिनं पडद्यावरचं काहीतरी पटकन बंद केलं होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर बाईंनी त्याच दिवशी सोक्षमोक्ष लावला असता. भाची म्हणून त्यांनी तीनही वेळा काणाडोळा केला. आता ते सगळं एका माळेत ओवलं जाऊ लागलं आणि माळ फारच व्यवस्थित दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी पोलादाचे ठोकळे बघून यायचं निमित्त काढून त्यांनी भाचीला बाहेर पाठवलं आणि खोलीचं दार आतून लावलं. दोन झाकणं टेबलावर ठेवली, एक आपलं, एक परकं. दोन्हींवर पांढरी भुकटी फवारली, ठिकठिकाणी बारीक टिकल्या चिकटवल्या आणि स्कॅनर फिरवला. स्कॅनर वस्तूला हात न लावता तिचे लाखो ठिपके टिपतो आणि ठिपक्यांतून तिचा आकार पुन्हा उभा करतो. आयती वस्तू समोर ठेवून तिचं डिझाइन उलटं काढायचं, यालाच धंद्यात रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. बाईंनी हे काम आजवर मोडक्या साच्यांसाठी केलं होतं. चोर पकडायला पहिल्यांदाच करत होत्या.

त्यांच्या डोक्यातला हिशोब सरळ होता. बाजारातून आपलं झाकण विकत घेऊन कुणी त्याची नक्कल केली असेल, तर दोन झाकणं अगदी सारखी निघतील आणि दोष कुणाचाच नाही. बाजारात मांडलेल्या वस्तूला कोण पहारा देणार. त्यांनी परकं झाकण आपल्या झाकणावर बसवून पाहिलं. पडद्यावर सगळीकडे हिरवं हिरवं आलं, म्हणजे तंतोतंत. फक्त डाव्या कोपऱ्यातल्या कडीच्या मुळाशी एक लाल ठिपका.

त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली. फिटर हात पुसत वर आला, पडद्याकडे बघून म्हणाला, "अगं, हे तर माझं काम."

"म्हणजे?"

"चाचणीला ही कडी मुळाशी तडकत होती, आठवतं का. मी साच्यात तिथली धार कानशीनं जरा गोल केली. तेव्हापासून आपलं झाकण तिथे गोलसर येतं. हे दुसरं बघ, तिथे कसं टोकदार आहे. चार दिवस वापरलं की तडकणार."

"मग ते फाइलमध्ये टाकलं होतं का?"

फिटरनं मान खाजवली. "पोरगी मागे लागली होती, की काका, साच्यात केलंय ते फाइलमध्येही करून घेऊ. मी उद्या उद्या म्हणत राहिलो."

बाईंनी परकं झाकण आता मूळ फाइलवर बसवलं. सगळं हिरवं, डावा कोपराही. झाकण बाजारातल्या वस्तूवरून केलेलं नव्हतं. ज्या फाइलमध्ये फिटरची कानस पोचलीच नव्हती, त्या फाइलवरून केलं होतं. आणि ती फाइल या खोलीतल्या दोन कॉम्प्युटरांवर सोडून कुठेही नव्हती. एक त्यांचा. दुसरा तिचा.

फिटर म्हणाला, "आधी नीट बघ."

"बघितलं की. तुमच्यासमोर बघितलं."

खरं म्हणजे त्यांनी अर्धंच बघितलं होतं. झाकण उलटं करून आतली बाजूही स्कॅन करायची असते, तशी त्या नेहमी करत. त्या दिवशी केली नाही. मनात जे होतं ते पडद्यावर दिसल्यावर पुढे बघायची गरज वाटली नाही. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या संशयावर मात्र आंधळा विश्वास टाकला.

सकाळी भाची आली, पिशवी खुर्चीला अडकवली, तोवर बाई बोलायला लागल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. टाकीपाशी कुणाचे फोन असतात, शनिवारी कुठे जातेस, पडद्यावर काय झाकत होतीस आणि हे झाकण आपल्या फाइलवरून कसं झालं, असं सगळं क्रमानं मांडलं. भाचीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मावशी, तू मला विचारतेयस की सांगतेयस?"

"विचारतेय."

"नाही. सांगतेयस." तिनं ड्रॉवरची किल्ली टेबलावर ठेवली, कॉम्प्युटरचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून तिच्याशेजारी ठेवला आणि पिशवी उचलली. "शनिवारचं सांगणार होते मी तुला. पण तू ते कसं घेशील याची भीती वाटायची. बरोबरच वाटायची म्हणायची."

जिन्यावर फिटर भेटला. तिनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि गेली. त्या दुपारी फिटरनं आपला डबा खाली मशीनपाशीच उघडला. वर आला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा दिवस बाईंनी पाहिला नव्हता. त्यांना रडू येत होतं आणि आपण बरोबर आहोत याची खात्रीही होती. दोन्ही एकाच वेळी असली की माणूस कामाला लागतो.

कारखानदाराला नुसतं तोंडानं सांगून भागणार नव्हतं, पुरावा पक्का हवा होता. म्हणून बाईंनी परकं झाकण उलटं केलं, पुन्हा भुकटी मारली आणि आतली बाजू स्कॅन केली. फाइलवर बसवली. हिरवं यायला हवं होतं. आतल्या सगळ्या फासळ्या लालभडक आल्या.

झाकण वाकू नये म्हणून आतून ज्या उभ्या पट्ट्या असतात त्या फासळ्या. परक्या झाकणाच्या फासळ्या जाड होत्या, फाइलमधल्या बारीक. बाईंनी झाकण पुन्हा सुलटं केलं आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. प्रत्येक फासळीच्या वर, बाहेरच्या गुळगुळीत अंगावर, पुसटसा खळगा होता. बोटालाही न जाणवणारा, स्कॅनरच्याही नजरेत न भरलेला.

त्यांना ते खळगे माहीत होते. हे झाकण पहिल्यांदा आखलं तेव्हा फासळ्या जाडच होत्या, बाईंनीच तशा ठेवायला लावल्या होत्या. भाचीनं सिम्युलेशन करून सांगितलं, की मावशी, प्लास्टिक जिथे जाड असतं तिथे उशिरा निवतं आणि आत ओढलं जातं, वरच्या बाजूला खळगे पडतील, फासळ्या बारीक कर. बाई म्हणाल्या होत्या, बारीक फासळी म्हणजे लेचंपेचं झाकण. बराच वेळ वाद झाला. मग एक-दोन दिवसांनी बाईंनीच येऊन सांगितलं, "कर बारीक." आणि वर्कशॉपच्या नियमाप्रमाणे जुनी फाइल पुसून टाकली गेली, चुकून कुणी तिच्यावरून पोलाद कापू नये म्हणून. हा नियमही बाईंचाच.

म्हणजे परकं झाकण ज्या फाइलवरून झालं, ती फाइल या खोलीत जेमतेम एक-दोन दिवस जगली होती. संशय अजूनही सुटका शोधत होता. भाचीनंच ती फाइल तेव्हा नेली असेल तर? पण ज्या फासळ्यांसाठी ती मावशीशी भांडली, त्याच चुकीच्या फासळ्या ती कशाला विकेल, नंतरची चांगली फाइल हाताशी असताना? आणि मग त्या एक-दोन दिवसांत आपण काय केलं होतं ते बाईंना आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते विसरलं कधीच नव्हतं. नुसतं त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

भाचीचं सिम्युलेशन खरं की खोटं हे त्यांना पडताळून घ्यायचं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असली कामं बाहेरच्या लोकांना करून द्यायचा. ईमेलवर विश्वास नाही, म्हणून बाई फाइल पेन ड्राइव्हवर घालून, पर्समध्ये जपून, स्वतः त्याच्याकडे गेल्या होत्या. चहा घेत त्याच्या शेजारी बसून राहिल्या. त्यानं सांगितलं, की खळगे पडतील, फासळ्या बारीक करा. निघताना बाईंनी त्याला आपल्या डोळ्यांदेखत फाइल पुसायला लावली आणि त्यानं ती पुसलीही. तिची दुसरी प्रत तोवर त्याच्याकडे झाली असेल, हे एवढ्या संशयी बाईंच्या डोक्यात कसं आलं नाही, हे सांगणं कठीण आहे. बहुधा त्या दिवशी त्यांचा सगळा संशय भाचीवर खर्च झाला होता.

त्यांनी त्याला फोन लावला. एकच प्रश्न विचारला, त्या दुसऱ्या डब्यांच्या कंपनीचं डिझाइन तुम्ही करता का. तो म्हणाला, "बाई, आमच्याकडे सगळीकडचे लोक येतात." बाईंनी फोन ठेवला. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

मग त्यांनी कारखानदाराला फोन केला आणि फाइल माझ्या हातून बाहेर गेली, असं सरळ सांगितलं. तो चिडला नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला. पुढच्या कामाचं नावही काढलं नाही. मग बाईंनी खाली जाऊन फिटरला सांगितलं. त्यानं मशीन बंद केलं, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझ्याकडे काय आलीस? तिच्याकडे जा."

भाचीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडंच होतं. टेबलावर प्लास्टिकचे तुकडे मांडलेले, एक तडकलेला, एक वाकडा, एक अर्धवट भरलेला, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. बाईंनी दारात पायातलं काढलं आणि कधी नव्हे ते तिथेच उभ्या राहिल्या.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"शनिवारचं. साच्यांच्या शाळेत शिकवते मी, सिम्युलेशन. मुलांना दाखवायला चुका लागतात." भाचीनं खुर्ची पुढे केली. "तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आपली विद्या वाटत फिरतेस."

म्हणाल्या असत्याच. बाई बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. फासळ्या, पेन ड्राइव्ह, तो माणूस, चहासुद्धा. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. "मी चुकले," असं त्या म्हणाल्या तेव्हा तो शब्द त्यांच्या तोंडात इतका नवीन होता, की त्यांनाच तो ओळखीचा वाटला नाही.

भाचीनं टेबलावरचा एक तुकडा उचलला.

"चोर म्हणालीस त्याचं मी फार मनाला लावून घेतलं नसतं, मावशी. तू दूधवाल्यालाही म्हणतेस. एक-दोन आठवडे रुसले असते आणि आले असते परत." तिनं तुकडा खाली ठेवला. "पण फासळ्या बारीक कर म्हणालीस ना, त्या दिवशी घरी येऊन मी आईला फोन केला होता. सांगितलं, की आज मावशीनं माझं ऐकलं."

भाचीचं सिम्युलेशन बरोबर होतं, तो परका माणूसही बरोबरच म्हणाला होता, आणि ते त्याच संध्याकाळी येऊन हिला सांगितलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. भांडणानं काही मोडलं नसतं.

"शाळेनं मला पूर्ण वेळ शिकवायला बोलावलंय," भाची म्हणाली. "फोन त्याचेच होते, पडद्यावर झाकलं ते धड्यांचं. मी नाही म्हणत होते इतके दिवस. आता हो म्हणते. हातातलं काम पुरं करून देईन, मग जाईन."

बाईंना म्हणायचं होतं, की जाऊ नकोस. तोंडातून भलतंच आलं. "लेखी घेतलंस का?"

"घेतलं."

"नीट वाचलंस?"

"दोनदा." भाचीनं कपाट उघडून कागद बाहेर काढला.

बाईंचा हात सवयीनं पुढे झाला, दुसरा भिंगाकडे गेला. मग दोन्ही हात त्यांनी मांडीवर घेतले.

"नको, राहू दे," त्या म्हणाल्या. "तू वाचलंयस ना."

भाची कागद हातात धरून तशीच उभी राहिली.